पदवीनंतरची पहिली खुर्ची

२४ डिसेंबर हा दिवस इंडियन डेंटल असोसिएशन राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळते. डॉ. रफीउद्दीन अहमद यांचा हा जन्मदिवस. भारतातले पहिले दंत महाविद्यालय काढणारे गृहस्थ, एवढी त्यांची ओळख बीडीएसच्या विद्यार्थ्याला असते. सामान्य वाचकाला तीही नसते. मात्र त्यांच्या आयुष्यातली तीन वर्षे अशी आहेत, ज्यांच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. लातूरच्या किंवा नांदेडच्या दंत महाविद्यालयात यंदा इंटर्नशिप करणाऱ्या मुलामुलींनी पाहावे तर नेमके तिकडेच. ही वर्षे १९१५ ते १९१८ची, म्हणजे पदवी हातात पडल्यानंतरची.

अहमद यांचा जन्म १८९०चा, पूर्व बंगालमधला. ते गाव आज बांगलादेशात आहे. सुरुवातीचे शिक्षण ढाक्याला आणि पुढचे अलीगडला झाले. १९०९मध्ये ते अमेरिकेला गेले. त्या काळात शिकायला परदेशी जाणारा हिंदी तरुण बहुधा लंडनची वाट धरायचा आणि बॅरिस्टर किंवा आयसीएस होऊन परतायचा. अहमद गेले अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, आणि शिकले दातांचे शास्त्र. घरच्या मंडळींना हे कसे समजावले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. कारण तेव्हा आपल्याकडे दात काढणे हा शिकण्याचा विषयच नव्हता. बाजारात, जत्रेत पथारी टाकून बसलेला माणूस चिमट्याने दात उपटायचा. गावचा न्हावीही ते काम करायचा. दातातला किडा काढून दाखवणारे तर हातचलाखीने खरोखरच एक अळी बाहेर काढायचे आणि दुखणाऱ्या माणसाला ती पटायचीही. दाढ किडते ती अळीने नव्हे. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच झिजवते, हे विज्ञानाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले होते. ते आपल्या बाजारापर्यंत पोहोचायला पुढे बरीच वर्षे लागली.

१९१५मध्ये आयोवा विद्यापीठाची दंतवैद्यकाची पदवी त्यांना मिळाली. वय पंचविशीच्या आत. तेव्हाच्या अमेरिकेत पदवी आणि परवाना हातात आला की पाटी लावायला कुणाची आडकाठी नव्हती. पदवीनंतर कुणाच्या देखरेखीखाली काम करण्याची सक्तीही नव्हती. अहमद मात्र बॉस्टनच्या फोरसाइथ डेंटल इन्फर्मरीत रुजू झाले.

ही संस्था तेव्हा अगदी नवी, १९१४मध्ये सुरू झालेली. रबराच्या धंद्यात पैसा कमावलेल्या फोरसाइथ बंधूंनी आपल्या दिवंगत भावांच्या स्मरणार्थ ती बांधली होती, आणि बांधली होती फक्त मुलांसाठी. बॉस्टनमधल्या गरीब घरांतली, स्थलांतरितांची मुले तिथे यायची. त्यांच्यासाठी बसायच्या खोलीत भिंतीवर गोष्टींमधली चित्रे असलेल्या फरशा लावलेल्या होत्या. आत एका प्रशस्त दालनात ओळीने खुर्च्या मांडलेल्या आणि प्रत्येक खुर्चीवर एक मूल. खासगी दवाखान्यात नव्या डॉक्टरला दिवसाकाठी दोन पेशंट मिळाले तरी आनंद. इथे रांग संपायची नाही.

ज्यांनी लहान मुलाच्या दातावर काम केले आहे, त्यांना ही शाळा किती कठीण असते ते माहीत असते. मोठा माणूस दुखले तर हात वर करतो. मूल जीभ मध्ये आणते, डोके फिरवते, बोट चावते. दुधाच्या दाताचे कवच पातळ, आतली नस मोठी आणि पृष्ठभागाच्या जवळ. त्यामुळे कीड काढताना हात जरा खोल गेला की नस उघडी पडते. तिथे पुस्तकातली आकृती उपयोगी पडत नाही, हाताला सवय लागते ती शंभराव्या दाताला. आणि ओळीत काम करताना शेजारच्या खुर्चीवर काय चालले आहे हे दिसत राहते. आपले चुकते आहे हेही दुसऱ्याला दिसते. बंद खोलीतल्या दवाखान्यात ते दिसत नाही.

अहमद तिथे १९१८पर्यंत राहिले. पुढे त्यांनी केलेल्या कामाकडे पाहिले तर या तीन वर्षांचा ठसा ठिकठिकाणी सापडतो. १९१९मध्ये ते मायदेशी परतले ते कलकत्त्याला. महायुद्ध नुकतेच संपले होते. मोठ्या शहरांत मोजके परदेशी शिकलेले दंतवैद्य होते, त्यांचे पेशंट गोरे साहेब आणि श्रीमंत लोक. अमेरिकेची पदवी घेतलेल्या अहमद यांना त्या रांगेत जागा मिळाली असती आणि आयुष्य सुखात गेले असते. त्यांनी १९२०मध्ये कलकत्ता डेंटल कॉलेज सुरू केले.

त्यासाठी पैसा कुठून आणला, ही गोष्ट आजही सांगितली की लोक हसतात. सरकारी अनुदान नव्हते, कुणी राजा-महाराजा पाठीशी नव्हता. अहमद यांनी कलकत्त्यात न्यूयॉर्क सोडा फाउंटन नावाचे दुकान काढले आणि त्याच्या कमाईवर कॉलेज चालवले. सोडा फाउंटन म्हणजे गोड पेये आणि आइस्क्रीम मिळण्याची जागा, अमेरिकेत तेव्हा गल्लोगल्ली असायची तशी. दात किडवणाऱ्या साखरेच्या पैशावर देशातले पहिले दंत महाविद्यालय उभे राहिले. पण यातली चिकाटीही पाहिली पाहिजे. दिवसा शिकवायचे, पेशंट पाहायचे आणि शिवाय दुकानाचा हिशेब ठेवायचा, हे वर्ष-दोन वर्षांचे काम नव्हते.

सुरुवातीला विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अभ्यासक्रम एका वर्षाचा. एका वर्षात दंतवैद्य घडत नाही हे अहमद यांना कळत होतेच, म्हणून पुढे तो दोन, मग तीन आणि अखेर चार वर्षांचा झाला. लांबी अशी टप्प्याटप्प्याने वाढली, कारण एकदम चार वर्षे द्यायला विद्यार्थी तयार झाले नसते. त्या पदवीला अजून बाजारात किंमत नव्हती. याच महाविद्यालयात फातिमा जीना शिकल्या. पुढे त्यांनी मुंबईत दवाखानाही काढला होता. त्या काळात मुलीने हा विषय घेणे म्हणजे मोठेच धाडस.

पुस्तकांची अडचण होती. परदेशी पुस्तके महाग, त्यांतली उदाहरणे परकी. अहमद यांनी १९२८मध्ये ऑपरेटिव्ह डेंटिस्ट्रीवर, म्हणजे कीड काढणे, खड्डा तयार करणे, तो भरणे या हातकामावर, विद्यार्थ्यांसाठी एक हँडबुक लिहिले. विषयाची निवड बोलकी आहे. मोठा सैद्धांतिक ग्रंथ त्यांनी लिहिला नाही. खुर्चीशेजारी उभे राहून विद्यार्थ्याला रोज लागेल तेवढेच लिहिले. त्याआधी, १९२५मध्ये, बंगालमध्ये दंतवैद्यांची संघटना उभी राहिली आणि इंडियन डेंटल जर्नल सुरू झाले, त्यामागेही तेच होते.

हळूहळू इतरत्रही सुरुवात झाली. मुंबईत १९३३मध्ये नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय आले, लाहोरला १९३४मध्ये. तरीही देशात शिकलेला दंतवैद्य आणि न शिकलेला दात काढणारा यांच्यात कायद्याने काहीच फरक नव्हता. पाटी कुणीही लावू शकत होता. १९३९मध्ये बंगालने दंतवैद्यांसाठी कायदा केला. तो व्हावा म्हणून अहमद यांनी बरीच खटपट केली होती. देश स्वतंत्र झाल्यावर २९ मार्च १९४८ रोजी डेंटिस्ट्स अ‍ॅक्ट आला. त्या दिवशी नांदेड निजामाच्या राज्यात होते आणि लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातले एक गाव होते. १७ सप्टेंबर १९४८ अजून सहा महिने दूर. म्हणजे मराठवाड्यात हा कायदा लागू झाला तो नंतरच.

या कायद्यातली एक तरतूद इथे सांगायला हवी. नोंदणीच्या दोन याद्या केल्या गेल्या, ‘अ’ आणि ‘ब’. ‘अ’मध्ये मान्यताप्राप्त पदवीवाले. ‘ब’मध्ये पदवी नसलेले, पण निदान पाच वर्षे हाच मुख्य व्यवसाय करून पोट भरणारे. एका दिवसात त्यांची दुकाने बंद करणे शक्य नव्हते, कारण तालुक्याच्या गावी दुसरे कुणी नव्हतेच. ‘ब’ यादीतल्या माणसाच्या हाताला सवय होती, पण आपण काय करतो आहोत आणि का, हे त्याला कुणी शिकवलेले नव्हते. ‘अ’ यादीतल्या नव्या पदवीधराला ते सगळे पाठ होते, पण हात अजून थरथरत होता. पेशंटच्या दृष्टीने दोघेही अर्धेच.

पदवीनंतरचे सक्तीचे वर्ष हे अर्धेपण भरून काढण्यासाठीच असते. आज बीडीएसची चार वर्षे संपल्यावर बारा महिन्यांची फिरती इंटर्नशिप असते, म्हणजे आळीपाळीने प्रत्येक विभागात काम. तोंडाची तपासणी आणि एक्स-रे एक महिना, दात काढणे आणि शस्त्रक्रिया दीड महिना, कवळी आणि कृत्रिम दात दीड महिना, हिरड्यांसाठी एक, दात भरणे आणि रूट कॅनालसाठी एक, लहान मुलांसाठी एक, वाकडे दात सरळ करण्यासाठी एक, मुखविकृतिशास्त्र पंधरा दिवस, आवडीच्या विषयासाठी पंधरा दिवस आणि उरलेले तीन महिने सामाजिक दंतवैद्यक, म्हणजे बहुतांशी खेड्यात. या काळात राज्य परिषदेची नोंदणी तात्पुरती असते. कायमची नोंदणी वर्ष पूर्ण केल्यावरच मिळते. म्हणजे कायद्याच्या भाषेतही तो अजून पुरा दंतवैद्य नसतो.

देखरेख म्हणजे नेमके काय, हे पेशंटलाही माहीत असायला हवे. समजा लातूरच्या बाह्यरुग्ण विभागात खालची किडलेली दाढ काढायची आहे. इंटर्न आधी विचारतो: शुगर, बीपी, रक्त पातळ करण्याची गोळी, कशाची अ‍ॅलर्जी. मग एक्स-रे पाहतो, मुळे सरळ आहेत की वाकडी, खालच्या जबड्यातली नस किती जवळ. शिक्षक तो एक्स-रे स्वतः पाहतात आणि मगच सुई हातात येते. खालच्या दाढेसाठी भूल दाताजवळ देऊन भागत नाही, कारण तिथले हाड घट्ट असते. ती जबड्याच्या आतल्या बाजूला, नस हाडात शिरते त्या जागेजवळ द्यावी लागते. औषध सोडण्याआधी सुई किंचित मागे ओढून पाहायची, रक्त आले तर सुई रक्तवाहिनीत आहे, जागा बदलायची. मग थांबायचे, खालचा ओठ बधिर झाला का विचारायचे. हे थांबणे नव्या माणसाला जमत नाही. बाहेर रांग असते, आणि पेशंटसुद्धा घाई करतो. मागे उभे असलेले शिक्षक त्या क्षणी काही करत नसतात, नुसते थांबायला लावतात. रूट कॅनालमध्येही असेच आहे. नळीत फाइल किती मिलिमीटर आत जायला हवी हे मोजून, एक्स-रेवर पडताळून मगच पुढे जायचे. पहिल्या वर्षात अंदाजाने पुढे जायची सवय लागली तर ती जन्मभर सुटत नाही, कारण पुढे ती मोडायला कुणी नसते.

वर्ष संपल्यावर यातली बरीच मुले देगलूर, मुखेड, किनवट, उदगीर, निलंगा, अहमदपूर अशा ठिकाणी स्वतःची पाटी लावतात. तिथे अडचण आली तर शेजारच्या खोलीत विचारायला कुणी नसते. भूल दिल्यावर पेशंटला चक्कर आली, दाढेचे मूळ आत तुटले, रक्त थांबेना, तर निर्णय एकट्याचा. हे सगळे माणसे हाताशी असताना एकदा तरी अनुभवलेले असावे, यासाठीच तो वर्षभराचा काळ.

खेड्यातल्या तीन महिन्यांबद्दल इंटर्न मंडळींत फारसा उत्साह नसतो, सही झाली की सुटलो असाच भाव अनेकांचा. त्यातच पदव्युत्तर प्रवेशाची नीट परीक्षा डोक्यावर. त्यामुळे इंटर्नशिपचे वर्ष पुस्तकात डोके घालून बसण्याचे वर्ष झाले आहे. महाविद्यालयांनीही याकडे कानाडोळा करायची सवय लावून घेतली आहे, आणि नुकसान शेवटी होते ते निलंग्याच्या पेशंटचे. शिवाय मराठवाड्याच्या तोंडाचे आजार खेड्यातच दिसतात. तंबाखू-चुना, गुटखा, खर्रा आणि बायकांमध्ये मिश्री. तोंड उघडून आपली तीन बोटे उभी आत जात नसतील तर गालाची आतली त्वचा घट्ट होत चालली असण्याची शक्यता असते. पुढे तिथे कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा छाला, ही लक्षणे दाढ दुखते म्हणून आलेल्या माणसाच्या तोंडात सहज सापडतात, फक्त दाढेपलीकडे पाहायची सवय हवी. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइडचे पाणी पिण्यालायक धरत नाहीत. असे डाग घासून जात नाहीत, आणि ते अस्वच्छतेचे लक्षणही नव्हे. शाळेत अशा मुलाला दात घासत नाहीस म्हणून ओरडा बसतो, तो इंटर्नने थांबवला तरी त्या तीन महिन्यांचे चीज झाले.

जगातही या बाबतीत एकमत नाही. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेत काम करायचे तर नव्या पदवीधराला एक वर्ष अनुभवी दंतवैद्याच्या दवाखान्यात त्याच्या नजरेखाली काढावे लागते. ही सक्ती १९९३पासूनची. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने असे वर्ष बंधनकारक केले, बहुतेक राज्यांत मात्र आजही सरळ परवाना मिळतो. म्हणजे अहमद यांनी १९१५मध्ये स्वतःहून जे पत्करले, ते त्यांच्या शिक्षणाच्या देशात अजूनही बऱ्याच जणांच्या मर्जीवर आहे. आपल्याकडे सक्ती आहे, तिच्यातला जीव टिकवणे हा प्रश्न आहे. २०२३मध्ये संसदेने १९४८च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा आणला, त्यात पदवीच्या शेवटी देशभर एकच परीक्षा घेण्याची तरतूद आहे. परीक्षेने डोक्यातले मोजता येते. हाताचे मोजमाप त्या कागदावर कितपत उतरेल, याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

अहमद यांच्या पुढच्या आयुष्याचा वेग पाहिला तर थक्क व्हायला होते. इंडियन डेंटल असोसिएशनचे ते अध्यक्ष झाले, कलकत्ता महापालिकेत नगरसेवक होते. फाळणीत त्यांचे जन्मगाव पूर्व पाकिस्तानात गेले, ते स्वतः कलकत्त्यातच राहिले. १९४९मध्ये त्यांनी आपले महाविद्यालय पश्चिम बंगाल सरकारला देऊन टाकले. तीस वर्षे खपून, सोडावॉटर विकून उभी केलेली संस्था विकली नाही, मुलाबाळांच्या नावे केली नाही. आजच्या खासगी महाविद्यालयांच्या काळात हे वाचताना जरा अडखळायला होते. १९५०मध्ये डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी त्यांना मंत्रिमंडळात घेतले. शेती, सहकार, ग्रामविकास, निर्वासितांचे पुनर्वसन अशी खाती त्यांनी १९६२पर्यंत सांभाळली. मुख्यमंत्री स्वतः डॉक्टर आणि शेतीमंत्री दंतवैद्य, असे ते मंत्रिमंडळ. पूर्वेकडून लाखो निर्वासित येत असताना पुनर्वसनाचे खाते म्हणजे काटेरी खुर्ची होती.

१९६४मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढच्याच वर्षी, १९६५मध्ये, कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले. आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्यावरच्या त्या इमारतीत आजही सकाळी पेशंटची रांग लागते, आणि बऱ्याच खुर्च्यांवर हातमोजे चढवून उभा असतो तो नुकता पास झालेला इंटर्न.